दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा : एका जुन्या निकालाची पार्श्वभूमी

पटावर एकही प्यादे उरलेले नाही, एकीकडे राजा आणि दोन उंट, तर दुसरीकडे राजा आणि एकच घोडा, अशी स्थिती आली की बचाव करणाऱ्याला बरोबरी साधता येते, असे बुद्धिबळात शतकाहून अधिक काळ मानले जात होते. त्या समजुतीचे मूळ १८५१ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘चेस स्टडीज’ या पुस्तकात आहे. त्याचे लेखक योसेफ क्लिंग आणि बर्नहार्ड हॉर्विट्झ हे दोघेही मूळचे जर्मन, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले. त्याच वर्षी लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली होती आणि हॉर्विट्झ तीत खेळलाही होता. मात्र या जोडीचे खरे प्रेम होते ते डावाच्या शेवटावर, जिथे पट जवळजवळ रिकामा झालेला असतो आणि एकेका घराला किंमत येते.

त्यांनी दाखवलेला बचाव पटावर मांडून पाहण्यासारखा आहे. काळ्याचा घोडा बी-७ या घरात (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), म्हणजे कोपऱ्याला तिरके लागून असलेल्या घरात उभा राहतो आणि राजा त्याच्या अंगाशी राहून त्याला जोर देतो. बी-७ हे पांढरे घर असल्यामुळे घोड्यावर हल्ला करू शकतो तो पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट, आणि राजाचा जोर असेपर्यंत त्या हल्ल्याने काहीच साधत नाही. घोड्याच्या अडीच घरांच्या टप्प्यात येणारी ए-५, सी-५, डी-६ आणि डी-८ ही चारही घरे काळी आहेत. ती दुसऱ्या उंटाला रोखून धरता येतात, पण पांढऱ्या राजाला मात्र त्या घरांत पाऊल टाकता येत नाही. काळा राजा घोड्याभोवती एकेक घर सरकत राहतो आणि कोंडी फुटत नाही. पटाचे चारही कोपरे सारखेच असल्यामुळे असे घर एकच नाही. बी-२, जी-२ आणि जी-७ येथेही हीच तटबंदी उभारता येते.

हा निष्कर्ष टिकून राहिला याचे एक कारण असेही होते की तो इतर अनुभवाशी जुळत होता. प्यादी संपल्यावर एका उंटाची किंवा एका घोड्याची आघाडी सहसा जिंकायला पुरत नाही, हे प्रत्येक खेळाडू शिकतो. हत्तीविरुद्ध उंट, हत्तीविरुद्ध घोडा, हत्ती आणि उंटाविरुद्ध हत्ती हे शेवट साधारणपणे बरोबरीत सुटतात, आणि दोन घोडे तर एकट्या राजालाही जबरदस्तीने मात देऊ शकत नाहीत. त्यामुळे दोन उंटही या नियमाला अपवाद नसावेत, असे वाटणे स्वाभाविक होते.

१९८३ साली हे चित्र पालटले. युनिक्स या संगणकप्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक असलेला केन थॉम्प्सन अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ‘बेल’ नावाच्या बुद्धिबळ यंत्रावर काम करत होता, आणि वजिराविरुद्ध हत्ती या शेवटाचे संपूर्ण कोष्टक, म्हणजे प्रत्येक स्थितीचा निकाल आणि अचूक खेळी सांगणारी नोंद, त्याने आधीच तयार केले होते. १९७८ मध्ये ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन त्या कोष्टकाविरुद्ध खेळला, तेव्हा पहिल्या डावात त्याला पन्नास खेळ्यांत जिंकता आले नाही आणि दुसऱ्यात जेमतेम पन्नासाव्या खेळीला त्याने हत्ती टिपला. दोन उंटांच्या शेवटासाठी थॉम्प्सनने तीच रीत वापरली: जिथे मात झालेली आहे किंवा घोडा मारला गेला आहे, अशा स्थितींपासून सुरुवात करून एकेक खेळी मागे जायचे आणि प्रत्येक स्थितीपासून विजय किती खेळ्या दूर आहे ते नोंदवायचे. सममितीमुळे दोन राजांच्या ४६२ मांडण्या विचारात घ्याव्या लागतात, आणि उरलेल्या तीन मोहऱ्यांसह हा आकडा १२ कोटींच्या पुढे जातो. इतक्या स्थिती कोणी माणूस तपासू शकला नसता.

कोष्टकाचा निकाल असा होता की काही तात्कालिक अपवाद सोडले तर दोन उंट जिंकतात, क्लिंग आणि हॉर्विट्झ यांची तटबंदीही भेदता येते, मात्र घोडा मिळवायला जास्तीत जास्त ६६ खेळ्या लागू शकतात. तटबंदी फुटली म्हणजे काम संपले असेही नाही. घोडा आणि राजा बाहेर पडून दुसऱ्या कोपऱ्याकडे धाव घेतात, आणि त्यांना तिथे पुन्हा ठाण मांडू न देणे हाच विजयातला सर्वांत अवघड भाग आहे. त्या टप्प्यातल्या अनेक खेळ्यांमागचा हेतू पुष्कळ पुढे गेल्याशिवाय उमगत नाही. ‘ईजी’ या बुद्धिबळ-रचनांच्या नियतकालिकाचे संस्थापक जॉन रॉयक्रॉफ्ट यांनी या कोष्टकाचा जिद्दीने अभ्यास केला आणि ग्लासगोच्या ट्युरिंग इन्स्टिट्यूटमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक डोनाल्ड मिची यांच्यासोबत एक मूलभूत प्रश्न हाताळला: यंत्राजवळ उत्तर आहे, पण त्या उत्तरातून माणसाला वापरता येईल असे ज्ञान काढता येते का? माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण खेळ्यांची यादी हाती असणे आणि ती समजणे यांतले अंतर इथे प्रथमच इतके स्पष्ट झाले.

नियमांवरही त्याचा परिणाम झाला. प्यादे न हलता आणि मोहरा न मरता दोन्ही बाजूंच्या पन्नास खेळ्या झाल्या की बरोबरीचा दावा करता येतो. या शेवटात प्यादीच नसल्यामुळे ही मोजणी घोडा मरेपर्यंत थांबत नाही, म्हणून ६६ हा आकडा थेट नियमावरच येऊन आदळतो. १९८०च्या दशकात फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने अशा काही निवडक शेवटांसाठी मर्यादा वाढवली, पुढे ती ७५ खेळ्यांची केली, आणि दोन उंटांविरुद्ध घोडा हा शेवट त्या यादीत होता. १९९२ मध्ये या सवलती रद्द होऊन सर्वत्र पुन्हा पन्नासचीच मर्यादा आली. त्यामुळे जिंकता येण्याजोग्या काही स्थिती नियमानुसार बरोबरीच्या ठरतात, आणि रोनाल्ड डी मान यांची २०१३ची सिझिजी कोष्टके अशा स्थिती वेगळ्या दाखवतात. म्हणूनच आजही बचाव करणारा खेळाडू घोडा बी-७ किंवा जी-७ कडे वळवतो आणि खेळ्या मोजू लागतो.