संत्र्याची साल जस्ताचं क्षपण करत नाही

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या विदर्भातल्या संत्रा पट्ट्यात आंबिया बहाराची तोडणी आली की चुरी माल (बारीक, हलक्या प्रतीची फळं) आणि गळालेली फळं बांधावर सडत पडतात. त्यांच्या सालीपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण करणं हा कॉलेजांतला आवडता प्रकल्प आहे, आणि विषय चांगलाही आहे. पण पोस्टरवर एक वाक्य हमखास असतं: 'सालीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं जस्ताच्या आयनांचं क्षपण करतात.' क्षपण म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन मिळणं. ते वाक्य चूक आहे.

सुरुवातीला घेतलेल्या झिंक ॲसिटेटमध्ये जस्तावर दोन धन प्रभार असतात, झिंक ऑक्साइडमध्येही दोनच. मग इलेक्ट्रॉन घेतला कोणी? हे वाक्य चांदीचे नॅनोकण करण्याच्या प्रयोगातून उचललेलं आहे. चांदीच्या आयनाचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप) +0.80 व्होल्ट, त्यामुळे सालीतली फिनॉलवर्गीय द्रव्यं त्याचा धातू करू शकतात. जस्ताचं विभव −0.76 व्होल्ट. सालीच्या काढ्याने तेवढं साधलं असतं, तर कारखान्यांनी जस्त काढायला वीज कशाला जाळली असती?

साल क्षपण करत नाही, जस्ताला धरून ठेवते. खरी गंमत तिथेच आहे. सालीत पेक्टिन असतं, म्हणजे गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या लांब साखळ्या. त्यांवर ठिकठिकाणी कार्बॉक्सिल गट असतात. त्यातल्या काहींची तोंडं मिथाइल गटाने बंद असतात, उरलेले जस्ताचा आयन पकडतात. एकाच आयनाला दोन साखळ्यांनीही धरलेलं असतं. सायट्रिक आम्लही या कामात हातभार लावतं. आयन असे विखुरलेले राहिले की पाणी आटताना जस्ताच्या क्षाराचे मोठे स्फटिक वाढत नाहीत, चिकट गोळा होतो. भट्टीत तो गोळा जळताना झिंक ऑक्साइडची असंख्य बीजं एकाच वेळी धरतात आणि मधला कोळसा त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कोळसाही जळून गेला की मात्र ती राखण संपते. तापमान 700 अंशांवर नेलं तर कण एकमेकांत मिसळून जाडे होतात, कारण पृष्ठभाग कमी करण्यात ऊर्जेची बचत असते. हा पृष्ठभाग किती? एक सेंटिमीटरच्या घनाचे 10 नॅनोमीटरचे घन केले, तर 6 चौरस सेंटिमीटरचे 600 चौरस मीटर होतात. जवळपास सहा गुंठे!

आता कृती. साल नीट धुवा. बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीचा) निळसर थर राहिला तर तांबं मिसळून पूड काळपट येते. सावलीत वाळवून दळा. 10 ग्रॅम पूड 100 मिली शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात, म्हणजे बॅटरीत टाकायच्या पाण्यात (आम्लात नव्हे), काचेच्या भांड्यात, 65 ते 70 अंशांवर तासभर ठेवा. बोअरचं जड पाणी नको, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे जस्त आधीच साक्यासारखं खाली बसतं. लोखंडी कढई नको, काढा काळा पडतो. खळखळ उकळू नका, पेक्टिन जास्त उतरून काढा गाळला जात नाही. आधी फडक्यातून, मग गाळण कागदातून काढा गाळा आणि त्याच दिवशी वापरा. उन्हाळ्यात तो रातोरात आंबतो.

50 मिली काढ्यात 2.2 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट घालून 60 अंशांवर तासभर ढवळा, मग 90 अंशांवर आटवा. तो तपकिरी गोळा मूषेत (भट्टीत चालणाऱ्या चिनी मातीच्या वाटीत) घालून 450 अंशांवर दोन तास भाजा. तापमान मिनिटाला 5 अंश या गतीने चढवा. बरेच जण नायट्रेट वापरतात. नायट्रेट आणि सेंद्रिय गोळा एकत्र तापले की भडका उडतो, तपकिरी विषारी धूर निघतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

भट्टीतून काढलेली पूड गरम असताना पिवळी दिसते, थंड झाल्यावर पांढरी होते. हे झिंक ऑक्साइडचं जुनं लक्षण. थंड होऊनही करडी राहिली तर कोळसा उरला आहे, पुन्हा भाजा. मग शुद्ध पाण्याने धुवा, म्हणजे सालीतल्या पोटॅशियमचे क्षार निघून जातात. वाळवून वजन करा. 2.2 ग्रॅम ॲसिटेटमधून जास्तीत जास्त 0.82 ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकतं. एक ग्रॅम भरलं तर आनंद मानू नका, ती भेसळ आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने बुडबुडे आले तर कार्बोनेट उरलं आहे.

पण पांढरी पूड म्हणजे नॅनोकण नव्हेत. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन हवं, म्हणजे पुडीवर क्ष-किरण टाकून ते कोणत्या कोनात वळतात याचा आलेख. तांब्याच्या नळीतले क्ष-किरण वापरून 31.8, 34.4 आणि 36.2 अंशांवर शिखरं दिसली की पदार्थ ठरला. शिखरं जितकी रुंद तितके कण बारीक. 'आपल्या यशद भस्मात (आयुर्वेदातल्या जस्ताच्या भस्मात) नॅनो होतंच' असं म्हणणाऱ्यांनीही हाच आलेख दाखवावा. राजस्थानातल्या जावरला पूर्वी जस्ताचं ऊर्ध्वपातन (वाफ करून गोळा करणं) करणाऱ्या कारागिरांचं कौतुक त्यासाठी कमी होत नाही, ते सिद्ध झालेलं आहे.

ही पूड बागेवर फवारायची घाई नको. कोरडी हाताळताना मास्क लावा. सालीपासून केली म्हणून ती फुफ्फुसाला निर्धोक ठरत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्ताच्या कमतरतेने संत्र्याच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला असेल, तर 0.5 टक्के झिंक सल्फेट आणि 0.25 टक्के चुन्याची निवळी ही जुनी फवारणी पुरते.