मशीनचा सातबारा कुठे मिळेल?

गळीत हंगाम ऐन भरात, गव्हाणीत ऊस पडतोय, गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि आत बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वाहणाऱ्या कन्व्हेअरच्या गिअरबॉक्समधून तेलाची धार लागलेली. मी तेव्हा सर्व्हिस इंजिनिअर होतो, कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात उभा होतो, आणि काम म्हटलं तर किरकोळ, ऑइल सील, म्हणजे तेल गळू नये म्हणून शाफ्टभोवती बसणारी रिंग, बदलायचं. कॅटलॉग होता माझ्याकडे, छान पीडीएफ, लॅपटॉपवर, म्हणजे आमच्या भाषेत एकदम डिजिटल. पान उघडलं, चित्रात सीलवर १४ नंबरचा बलून, म्हणजे गोलातला आकडा, खालच्या टेबलात १४ समोरचा पार्ट नंबर, तो ऑर्डर केला, रात्रीच्या गाडीने पार्सल आलं आणि पहाटे खोकं फोडलं तर आत ६५ × ८५ × १०, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, मिलीमीटरमध्ये. शाफ्टवर झकास बसलं. हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, मात्र सगळीकडून अडीच मिलीमीटर मोकळं, कारण तिथे लागत होतं ६५ × ९० × १०.

तिथले फिटर मामा शांतपणे तंबाखू मळत होते. म्हणाले, "सायब, मला इचारायचं की आधी." खिशातून एक तेलकट डायरी काढली, त्यात बॉलपेनने लिहिलेलं, बगॅस नं. २, गि. बॉ., सील ६५-९०-१०, हाऊसिंग नवीन टाकलं. दोन वर्षांपूर्वी ऑफ सीझनला हाऊसिंगला तडा गेला म्हणून बदललं होतं आणि कंपनीने सुधारित कास्टिंगचं पाठवलं होतं. म्हणजे माझा कॅटलॉग चुकलाच नव्हता. फॅक्टरीतून निघालेल्या मशीनबद्दल तो शंभर टक्के खरं बोलत होता, फक्त माझ्यासमोर उभं असलेलं मशीन आता ते राहिलं नव्हतं.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे आता मी त्याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला बसतो, जुने स्पेअर पार्ट कॅटलॉग 'मॉडर्न' करायच्या कामात, आणि रोज कोणीतरी विचारतं की यात एवढं काय आहे, स्कॅन करा, ॲपवर टाका, झालं. नाही होत.

आधी कॅटलॉगचा तो फुटलेला फोटो घ्या, म्हणजे एक्सप्लोडेड व्ह्यू, ज्यात गिअरबॉक्स जणू हवेत स्फोट होऊन एका रेषेत थांबलाय, बोल्ट, वायसर, कव्हर, पॅकिंग, बेअरिंग सगळं क्रमाने तरंगतंय. ही युक्ती लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्येसुद्धा दिसते, म्हणजे पाचशे वर्षं जुनी, आणि अजून हिच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही कारण पार्ट कसा दिसतो आणि कशाच्या मागे-पुढे बसतो हे दोन्ही ती एकाच नजरेत सांगते. पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तो १४ नंबर म्हणजे कम्प्युटरच्या लेखी नुसते काळे ठिपके. त्याला कळत नाही की हा १४ आहे, आणि खालच्या टेबलातल्या १४ शी याचं नातं आहे हे तर अजिबातच कळत नाही. ते नातं जोडणं, म्हणजे बलूनवर बोट ठेवलं की बरोबर ती ओळ उघडली पाहिजे, ही पहिली पायरी, आणि बरेच जण इथेच थांबून मॉडर्न झालो म्हणून केक कापतात.

पुढची पायरी नंबरांची. इथे जरा बसू, कारण खरी मजा इथे आहे.

काही नंबर बोलतात. बेअरिंगचा ६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ म्हणजे हलकी सिरीज, आणि शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा, २५, म्हणजे आतलं भोक २५ मिलीमीटर. (०४ पासून पुढे हा नियम चालतो, ०० ते ०३ चे आकडे वेगळे पाठ करावे लागतात, १०, १२, १५, १७.) बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. आता ६३०५ घ्या, भोक तेच २५, पण ३ म्हणजे मध्यम सिरीज, २ पेक्षा जड, म्हणून बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७. ही मापं सगळ्या जगात ठरलेली आहेत म्हणून मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन नुसतं "बासष्ट शून्य पाच, टू आर एस" म्हटलं की दुकानदार वर न बघता रबर सीलवालं खोकं काढून देतो.

पण कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ६२०५ लिहिलेलं असेलच असं नाही, तिथे कंपनीचा स्वतःचा दहा-बारा आकडी मुका नंबर असतो. का, ते सगळ्यांना माहीत आहे, बेअरिंगचा खरा नंबर दिला की गिऱ्हाईक नागदेवीला जाणार. धंदा म्हणून मला ते समजतं. पण मुक्या नंबरात एक आकडा चुकला की कोणालाच पत्ता लागत नाही. आणि चुकतोच. स्कॅनमधून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर शून्याला ओ समजतं, ८ ला बी, ५ ला एस. माणसं फोनवर वेगळ्याच चुका करतात, आपल्या मराठीत तर एकोणसाठ आणि एकोणसत्तर हा कॉम्प्रेसरच्या आवाजात ओरडून सांगायचा प्रकारच नाही, त्यात आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, ऐकणारा घाईत ६२ चे २६ करून मोकळा.

याला इलाज साठ-सत्तर वर्षांपासून आहे, नंबराच्या शेवटी हिशोबाने काढलेला एक पडताळणीचा आकडा जोडायचा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून नावाच्या माणसाने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आज आपल्या क्रेडिट कार्डचा शेवटचा आकडा त्याच हिशोबाने येतो. करून बघा. ६२०५ मध्ये उजवीकडून एक आड एक आकडा दुप्पट करा, दुप्पट करून दोन अंकी आला तर त्याचे अंक मिळवा. ५ चे १०, म्हणजे १. ० तसाच. २ चे ४. ६ तसाच. बेरीज ११, पुढच्या दशकाला पोचायला ९ कमी, म्हणून नंबर झाला ६२०५९. तसंच ६३०५ चं केलं तर बेरीज १३ आणि शेवटी ७, म्हणजे ६३०५७. आता कोणी २ च्या जागी ३ दाबून ६३०५९ टाकलं तर सिस्टीम जागेवरच अडवेल, अरे इथे ७ पाहिजे होता. एक आकडा चुकला तर ही पद्धत हमखास पकडते, शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर जवळजवळ नेहमी, फक्त ० आणि ९ ची अदलाबदल सुटते. आधारचा बारावा आकडा याहून कडक पद्धतीने काढतात, वेरहूफच्या, ती हेसुद्धा सोडत नाही. सांगायचं म्हणजे तुमच्या आधारला जे संरक्षण आहे ते लाखाच्या स्पिंडलच्या पार्ट नंबरला बहुतेक ठिकाणी नाहीये.

सर्चचंही तसंच. हल्ली सगळीकडे चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी समजून घेणारा सर्च असतो, त्याच्या मुळाशी लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाची १९६५ ची कल्पना आहे, एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. बेअरिंग, बेरिंग, बेअरींग, तिघांतलं अंतर एक-दोनच, म्हणून एकच समज. शब्दांना हे उत्तम. पण ६२०५ आणि ६३०५ यांच्यातलं अंतरही एकच आहे हो! आणि हे दोन बेअरिंग शाफ्टवर दोन्ही बसतात, हाऊसिंगमध्ये एकच. माझ्या सीलचं झालं तेच. म्हणून शब्दाला ढील द्यायची आणि नंबरला अजिबात नाही, हा नियम आम्ही दोन-तीन ठेचा खाऊन शिकलो. शिवाय स्पेलिंगच्या पलीकडचा घोळ असतोच, कॅटलॉग म्हणतो रिटेनिंग रिंग आणि शॉपफ्लोअर म्हणतं सर्क्लिप, कॅटलॉगमध्ये गॅस्केट आणि फिटरच्या तोंडी पॅकिंग, वॉशर म्हणजे वायसर. हे लेव्हेनश्टाइनला कळायचं काही कारण नाही, ते माणसाकडून विचारूनच भरावं लागतं.

फोटो काढून पार्ट ओळखणारं एआय आलंय, चांगलं आहे, पण फोटोत माप नसतं. ६२०५ आणि ६३०५ वेगवेगळे फोटो काढून दाखवले तर अनुभवी माणूसही गडबडेल. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा म्हटलं तर काम बरंच सोपं होतं, नाणं २७ मिलीमीटरचं, त्यावरून बाकीचं काढता येतं. तरी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावलेला केव्हाही बरा.

आता सातबारा. पार्ट नंबर बदलत राहतात, कंपनी जुना बंद करून नवा काढते, त्याला सुपरसेशन म्हणतात. अ च्या जागी ब आला, चार वर्षांनी ब च्या जागी क. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं बँकेत एक नाव, रेशनकार्डवर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं, तसं तेच सील स्टोअरमध्ये तीन नंबरांनी पडलेलं असतं, आणि स्टोअरवाला छातीठोक सांगतो स्टॉक निल. बरं, हे नातं सरळ रेषेत असतं तर निभलं असतं. कधी एका पार्टऐवजी चार पार्टचा किट येतो. कधी नातं एकतर्फी असतं, म्हणजे नवा पार्ट जुन्या मशीनला चालतो पण जुना नव्याला नाही. आणि कधी दोन वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या डेटात अ च्या जागी ब आणि ब च्या जागी अ असं रिंगण तयार होतं, त्यात कम्प्युटर बिचारा गोल गोल फिरत बसतो. म्हणून हा डेटा एक्सेलच्या दोन कॉलमात मावत नाही, तो जाळ्यासारखा ठेवावा लागतो, प्रत्येक धाग्याला दिशा, तारीख आणि कुठल्या सिरीयल नंबरपासून लागू ते. ते सिरीयलचं वाक्य जुन्या छापील कॅटलॉगात पानाच्या अगदी तळाला, फुलीच्या खुणेने, मुंगीच्या अक्षरात असतं आणि स्कॅन करताना नेमकं तेच कापलं जातं.

आपल्याकडे सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं, पण ते कसं लागलं ते बघायचं तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार काढावा लागतो. मशीनला नेमकं हेच पाहिजे. मॉडेलचा कॅटलॉग वेगळा आणि या एका मशीनचा, या सिरीयल नंबरचा, उतारा वेगळा, त्यात कोणत्या साली काय काढलं, काय टाकलं, सगळे फेरफार. मामांची डायरी म्हणजे तेच होतं.

या उताऱ्यापर्यंत पोचायचा सोपा रस्ता म्हणजे मशीनवरचा क्यूआर कोड, आणि गंमत बघा, क्यूआर कोड जन्मालाच आला पार्टसाठी. जपानमध्ये डेन्सो या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने १९९४ मध्ये तो काढला, गाड्यांच्या पार्टच्या खोक्यांवरचे ढीगभर बारकोड स्कॅन करून कामगार वैतागले होते म्हणून. चहाच्या टपरीवर तो नंतर आला. कारखान्यातच जन्मल्यामुळे डाग पडणार हे त्यात धरलेलंच आहे, सर्वात कडक प्रकारात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, कारण तीच माहिती गणिताने थोडी जास्तीची करून पसरून ठेवलेली असते. आता तर प्रत्येक वस्तूला जगात एकमेव असा कोड कसा द्यायचा याचं आयईसी ६१४०६ नावाचं स्टँडर्डही आहे. फक्त कोड स्टिकरवर नको, ग्रीस पुसायच्या फडक्याने स्टिकर महिन्यात जातं, नेमप्लेटवर कोरून घ्या. आणि स्कॅन केल्यावर नेट शोधायला लागलं तर उपयोग शून्य, कन्व्हेअरखाली कोणाच्याही फोनला रेंज नसते, उतारा फोनमध्ये आधीच उतरलेला पाहिजे.

सगळ्यात अवघड मात्र उलटा रस्ता, मशीनकडून कॅटलॉगकडे. फिटरने हाऊसिंग बदललं तर ते कोण नोंदवणार? चार पानी फॉर्म दिला तर कोणी भरत नाही, भरला तर शिफ्ट संपताना सगळीकडे ओके ओके लिहून टाकतात. आम्ही आता एकच बटण ठेवलंय, 'वेगळं निघालं', ते दाबायचं आणि बोलायचं, मराठीत, जसं येईल तसं. ऑफिसात बसलेला माणूस ऐकून नोंद करतो.

मामा रिटायर झाले. जाताना डायऱ्या दिल्या, अकरा आहेत, आणि हल्ली संध्याकाळी मी त्या टाईप करत बसतो. बहुतेक नोंदी कुठे ना कुठे जुळतात. काल एक आली, तीन नंबरची मिल, स्क्रेपरला वायसर घरचा. म्हणजे वर्कशॉपमध्ये पत्रा कापून केलेला, आणि तो अजून तिथेच बसलाय. माझ्या सिस्टीममध्ये पार्ट नंबरचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून सध्या तिथे 'घरचा' असंच टाकून ठेवलंय.