गोळी कुठे लागली, हे माग सांगतो

गोळी खांद्यामागे बरगड्यांत अगदी नेमकी बसली, तरी हरीण सहसा जागेवर कोसळत नाही; उधळतं. हृदय निकामी झालं तरी मेंदूतला उरलासुरला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो, आणि तेवढ्यात ते शंभरेक मीटर पळून जातं. दाट झाडीत एवढं अंतरही पुष्कळ झालं. मग रक्ताचा माग काढावा लागतो.

नेम अचूक असूनही कधीकधी जमिनीवर थेंबसुद्धा सापडत नाही. मचाणावरून झाडलेली गोळी छातीत वरून शिरते आणि आतच राहिली, तर भोक फक्त वरच्या अंगाला असतं. माठाला वर भोक पडलं तर पाणी गळत नाही, तसं रक्त छातीच्या पोकळीत साठत राहतं. त्यात कातडी सरकून किंवा चरबी अडकून तेही भोक बुजतं. गोळी खालच्या बाजूने बाहेर पडली, तर मात्र माग ठळक होतो.

इथे गोळीची जात महत्त्वाची ठरते. शिशाच्या गाभ्यावर धातूचं पातळ आवरण असलेली वेगवान गोळी आत फुटून तिचे तुकडे होतात. इजा भयंकर, पण बऱ्याचदा ती आरपार जात नाही. निव्वळ तांब्याची गोळी टोकाशी उमलते, वजन जवळजवळ टिकवते आणि बहुधा पलीकडे निघते. मात्र लांबवर वेग मंदावला की ती नीट उमलत नाही. टोकासकट पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाते खरी, पण अरुंद भोक पाडून. शिकारीसाठी ती वाईटच. माग काढायचा असेल, तर मला आतल्या जास्तीच्या पडझडीपेक्षा बाहेर पडलेलं भोक मोलाचं वाटतं.

गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं. काळपट लाल बहुधा यकृताचं. तसं असेल तर मागावर निघण्याआधी तीन-चार तास थांबावं. हिरवट-तपकिरी घाण आणि उग्र वास आला, तर गोळी पोटात लागली आहे, थांबणं आणखी लांबतं. पाठलाग नसेल तर असं जनावर जवळच बसतं. घाईने उठवलं, तर ते रक्त न सांडता दूर निघून जातं.

पानावरचा लाल ठिपका रक्ताचा की नुसता रंग, अशी शंका आली तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. रक्तातल्या कॅटलेज या विकरामुळे लगेच फेस येतो. रक्त पार संपलं, तरी मागावर शिकवलेला कुत्रा पुढे जातो, कारण खुरांमधल्या ग्रंथींचा वास वाटेवर राहिलेला असतो.