स्वतंत्र गायक-गीतकार

गाण्याचे शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही कामे स्वतः करणारा आणि ते गाणे ध्वनिमुद्रण कंपनीच्या किंवा चित्रपटनिर्मात्याच्या पदरी न राहता स्वतःच्या हिमतीवर लोकांपर्यंत नेणारा कलावंत. ‘गायक-गीतकार’ हा जोडशब्द मराठीत अलीकडे रुळला, पण तो अपुरा आहे. मराठीत गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा. चाल लावतो तो संगीतकार. म्हणजे या जोडशब्दातून नेमकी चालच गळते. ‘कवी-गायक’ या पर्यायाची अडचण तीच. जुन्या शास्त्रग्रंथांतला ‘वाग्गेयकार’ हा शब्द अर्थाने बिनचूक आहे. परंतु आज तो मुख्यतः कर्नाटक संगीताच्या आणि बंदिशकारांच्या चर्चेत उरला आहे. या नोंदीत रूढ शब्दच वापरला आहे.

वाग्गेयकार : या संकल्पनेची सर्वांत नेटकी मांडणी शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या ग्रंथात सापडते. हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीत, देवगिरीस रचला गेला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः यादवांच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता. ग्रंथाच्या तिसऱ्या, म्हणजे प्रकीर्णक अध्यायात तो वाणीला ‘मातु’ आणि गेय अंगाला ‘धातु’ म्हणतो. ही दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार.

पुढची प्रतवारी अधिक उद्बोधक आहे. दोन्हींत निपुण तो उत्तम. धातूत सरस पण मातूत मंद असेल, तर मध्यम. मातु रमणीय पण धातु मंद असेल, तर अधम. चांगल्या कवीची चाल पडेल असेल, तर शार्ङ्गदेव त्याला शेवटच्या पायरीवर बसवतो. मराठी समीक्षेने गाण्याचा विचार बहुतेक वेळा कवितेच्या बाजूने केला, त्यामुळे हा क्रम आपल्याला उलटा वाटतो. गाण्यापुरता तो बरोबर आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. याच ठिकाणी ‘कुट्टिकार’ ही आणखी एक संज्ञा येते. दुसऱ्याच्या धातूवर स्वतःचा मातु बसवणारा तो कुट्टिकार. ‘अमक्या चालीवर’ गाणे रचणाऱ्याला सातशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतंत्र नाव होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मराठी गाण्याचा मोठा भाग याच पद्धतीने घडला.

मराठीतील आरंभाचा प्रश्न : मराठीतला पहिला गायक-गीतकार कोण, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ही परंपरा संतांपासून सुरू होते. अभंग गाण्यासाठीच रचले गेले आणि रचणारे ते कीर्तनात म्हणत, हा या मताचा आधार. अडचण चालींची आहे. संतांच्या काळातले स्वरलेखन उपलब्ध नाही, आणि आज वारीत वा मैफलीत ऐकू येणाऱ्या चाली पुढच्या पिढ्यांच्या आहेत. अभंग आणि ओवी हे छंद सामुदायिक चालींत सहज बसतात. तेव्हा धातु संतकवीचा की समाजाचा, हे ठरवता येत नाही.

दुसरे मत पेशवाईतील शाहिरांकडे बोट दाखवते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. रामजोशी (सुमारे १७६२ ते १८१२, जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत) लावण्या रचत आणि डफावर स्वतः गात. मात्र शाहिरीतही तिन्ही कामे नेहमी एकाच माणसाकडे नव्हती. होनाजी बाळा हे नाव अनेक वाचक एकाच व्यक्तीचे समजतात. प्रत्यक्षात होनाजी शिलारखाने कवने रचत आणि बाळा कारंजकर ती गात. दोघांची नावे जोडून पडली ती फडामुळे.

शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याची रीत, म्हणजे मुद्रिका किंवा नाममुद्रा, संत आणि शाहीर या दोन्ही परंपरांत आहे. तिच्याकडे बहुधा भक्तीची वा शैलीची खूण म्हणून पाहिले जाते. पण छापखाना नसताना आणि कायदा नसताना गाणे कोणाचे, हे सांगणारी तीच एक व्यवस्था होती. गाणे कुठेही गेले, कोणीही गायले, तरी शेवटी कर्त्याचे नाव उच्चारल्याशिवाय ते पुरे होत नसे. अर्थात या रीतीत फक्त शब्दांची नोंद राही. चालीवर मुद्रिका कोरता येत नाही.

कामांची वाटणी : संगीत नाटकांत चालींचा उगम उघडपणे सांगितला जाई. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्र (१८८२) या नाटकातील पदे आधीपासून प्रचलित असलेल्या चालींवर बेतलेली होती, आणि नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश येई. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत हे कुट्टिकाराचे काम. मानापमान (१९११) या नाटकात खाडिलकरांचे शब्द आणि गोविंदराव टेंबे यांच्या चाली अशी स्पष्ट वाटणी दिसते.

ध्वनिमुद्रिकांच्या काळात ती पक्की झाली. भावगीताचा आरंभ सामान्यतः १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायली तेव्हापासून मानतात. गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी कवींच्या कविता स्वतः चाली लावून पुण्याच्या गणेशोत्सवात, चौकाचौकांत गायल्या. चाल आणि गळा त्यांचा, शब्द दुसऱ्याचे. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेल्या गीतरामायणाची छप्पन गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. ही जोडी इतकी यशस्वी ठरली, की कवी वेगळा आणि संगीतकार वेगळा असाच उत्तम गाण्याचा नियम असावा, अशी समजूत मराठी मध्यमवर्गात मुरली.

त्या वर्गाबाहेर एकहाती गाणे चालूच होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना प्रौढ वयात अक्षरओळख झाली. त्यांनी आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गीते रचली आणि ती गावोगाव गायली. आरंभी त्यांनी चित्रपटगीतांच्या चालींवर रचना केल्या आणि पुढे स्वतःच्या चाली बांधल्या. त्यांच्या गीतांतही शेवटी ‘वामन’ अशी मुद्रिका येते. कोंकणीत तियात्राच्या, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या लोकप्रिय कोंकणी नाटकाच्या, रंगमंचावरही स्वतः रचून स्वतः गाण्याची हीच रीत आहे. पहिले तियात्र १८९२ साली मुंबईत झाले. दोन प्रवेशांच्या मध्ये, कथानकाशी संबंध नसलेले ‘कांतार’ हे गीत गाणारा कलावंत ते अनेकदा स्वतःच लिहितो. गोव्यातील आल्दोन्याचे आल्फ्रेड रोझ (१९३२–२००३) हे अशा गायक-गीतकारांत अग्रगण्य. या दोन परंपरांचा उल्लेख मराठी संगीतावरच्या संदर्भग्रंथांत जेमतेम येतो. ही उणीव भरून निघायला हवी.

‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ : स्वतःचे गाणे स्वतः गाणारा कलावंत जुनाच, नवी आहे ती मालकी. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रित गाण्यात तीन वेगळ्या कृती असतात: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो.

१९५७च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने आलेखित केलेली स्वररचना. शब्दशः वाचल्यास, ज्याने स्वरलेखन केले नाही त्या शाहिराची चाल संगीतकृती ठरतच नव्हती. ज्या देशात संगीत मुखोद्गत चालते, तिथे ही व्याख्या सुमारे चार दशके टिकली. ती १९९४च्या दुरुस्तीने बदलली. गायकाला स्वतःचा असा हक्कही त्याच दुरुस्तीने प्रथम मिळाला. त्याआधी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (स्थापना १९६९) विरुद्ध चित्रपटनिर्माते या खटल्यात निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला होता: वेगळा करार नसेल, तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा असा बांधला, की त्यांनी करारात लिहून दिला तरी तो निर्मात्याला वा कंपनीला घेता येत नाही.

ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र आजही ज्याने ते करवून घेतले त्याचीच असते. म्हणून ‘स्वतंत्र’ कोणाला म्हणावे, याचा निकष संगीताची शैली हा नाही. गिटार घेऊन एकटा गाणारा तो स्वतंत्र, ही समजूत वरवरची आहे. मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न विचारावा.

रेमो फर्नांडिस : भारतात या अर्थाने स्वतंत्र झालेल्या गायक-गीतकारांत रेमो यांचे उदाहरण ठळक आहे. त्यांचा जन्म १९५३ साली पणजीत झाला. घर बार्देशातील शिवोलीला. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून आणि युरोपात भटकून ते गोव्यात परतले. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह त्यांनी शिवोलीच्या घरीच, चार मार्गिकांच्या (ट्रॅकच्या) कॅसेट यंत्रावर मुद्रित केला. शब्द, चाली, गायन, वाद्यवादन, ध्वनिमुद्रण आणि मुखपृष्ठ सगळे त्यांचे. तयार कॅसेटी त्यांनी स्कूटरवरून गोवाभर फिरून दुकानांत पोचवल्या.

या यंत्राची रीत समजून घेतली, की त्या कामाची मेहनत कळते. साध्या कॅसेटच्या फितीवर प्रत्येक बाजूला दोन, अशा एकूण चार मार्गिका असतात. हे यंत्र त्या चारही एकाच दिशेने वापरते. पहिलीवर गिटार भरायची, ती कानात ऐकत दुसरीवर बासरी, तिसरीवर तालवाद्य. मग या तिन्हींचे मिश्रण चौथीवर उतरवायचे, की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. पण एकदा त्यांवर नवे भरले, की मिश्रणात गिटार जास्त झाली म्हणून ती कमी करता येत नाही. मागे फिरायची सोय नाही. शिवाय दर उतरवणीला फितीची सरसर वाढते. त्यामुळे गाण्याचा अखेरचा आकार पहिली मार्गिका भरण्यापूर्वीच डोक्यात पक्का असावा लागतो.

पुढे ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५) आणि अमली पदार्थांच्या विरोधातले ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) हे संग्रह आले. जलवा (१९८७) आणि बॉम्बे (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांनी रेमो देशभर पोचले. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रपटांतील लोकप्रिय गाण्यांत चाल बहुधा दुसऱ्याची आणि रेमोंचा केवळ आवाज, हे त्यांच्या कामाचे मोल ठरवताना विसरू नये. त्यांची खरी ओळख शिवोलीच्या कॅसेटींत आहे.

अलीकडील स्थिती : २०१०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर महोत्सवासारख्या व्यासपीठांमुळे चित्रपटाबाहेरच्या गाण्याला तिकीट काढून येणारा श्रोता मिळू लागला. जयपूरचे प्रतीक कुहाड यांची वाटचाल या काळाची प्रातिनिधिक म्हणता येईल. ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ (२०१५) आणि ‘कोल्ड/मेस’ (२०१८) हे त्यांचे आरंभीचे संग्रह. ‘कोल्ड/मेस’ हे गाणे २०१९च्या अखेरीस बराक ओबामा यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आले, आणि २०२० साली इलेक्ट्रा या अमेरिकी कंपनीशी त्यांचा करार झाला. वरचा निकष लावल्यास या करारानंतर त्यांना स्वतंत्र म्हणावे का, याबद्दल दुमत होऊ शकते.

मराठीत कवी संदीप खरे आणि संगीतकार सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने २००३पासून कवीला स्वतःचे शब्द घेऊन पुन्हा मंचावर आणले. शाहिरीच्या बाजूने संभाजी भगत हे स्वतः लिहून गाणारे महत्त्वाचे नाव.

आज घरच्या संगणकावर मुद्रित केलेले गाणे वितरकामार्फत काही दिवसांत जगभरच्या ऑनलाइन श्रवणमंचांवर चढते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांकांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो. उत्पन्न मात्र एकूण श्रवणांतील वाट्याच्या प्रमाणात वाटले जाते, त्यामुळे लहान भाषेतल्या गाण्याच्या वाट्याला फार थोडे येते. स्पॉटिफायवर तर २०२४पासून बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे झाल्याखेरीज त्या गाण्याचे ध्वनिमुद्रणापोटीचे पैसे मिळत नाहीत. शब्द आणि चाल यांचे स्वामित्वधन पूर्णतः वेगळ्या वाटेने, वर आलेल्या परफॉर्मिंग राइट सोसायटीमार्फत येते. तिथे आपले गाणे नोंदवताना गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत एकच नाव दोनदा भरावे लागते. वितरकाकडे ध्वनिमुद्रण चढवले म्हणजे ही नोंद आपोआप झाली, असे अनेक नवोदित समजतात. ती होत नाही.