सुती कॅनव्हास की ताडपत्री? तंबू घेण्याआधी कापड ओळखा

नाशकात कुठल्याही दुकानात ‘कॅनव्हासचा तंबू दाखवा’ म्हटलं, तर समोर दोन वेगळीच कापडं येऊ शकतात. एक खरा सुती कॅनव्हास. दुसरं लेप दिलेलं पॉलिस्टर, म्हणजे कांद्याच्या ढिगावर टाकतात त्या ताडपत्रीचं जवळचं नातलग. रंग तोच हिरवा-खाकी, जाडी सारखी, कडेला पितळी रिंगा. दुकानदार फसवतोच असं नाही. पूर्वी ताडपत्रीही सुतीच असायची, त्यामुळे नावांची सरमिसळ आजही चालू आहे.

कापडाला ओठ टेकवून जोरात फुंका. सुतातून थोडी तरी हवा पलीकडच्या तळहाताला लागते, लेपातून मुळीच नाही. शंका उरलीच तर दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा काढा आणि बाहेर नेऊन काडी लावा. सुताची मऊ राख होते, वास जळक्या कागदाचा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. राखेत मणी सापडला तर धागा मिश्र आहे.

पाणी अडवण्याची तऱ्हाच दोघांची वेगळी. ताडपत्रीवरून पाणी लेपामुळे घरंगळतं. सुती धागा मात्र पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात. म्हणून नवा सुती तंबू पहिल्याच पावसात शिवणीतून ठिबकला, तर लगेच परत करायला धावू नका. गच्चीवर किंवा अंगणात उभा करा, पाइपने चिंब भिजवा, शिवणींवर जरा जास्तच पाणी मारा आणि खडखडीत वाळू द्या. असं दोन-तीनदा केलं की सुईची भोकंही बसतात. शिवणीचा धागा पॉलिस्टरचा असेल तर तो फुगत नाही. तिथे आतून मेण घासावं लागतं.

गंगापूर धरणाच्या काठी डिसेंबरात मुक्काम केला की ताडपत्रीची खोड कळते. श्वासाची वाफ गार कापडाला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे पांघरूण दमट. लोक म्हणतात तंबू गळला, आणि आभाळ तर निरभ्र! थंडी वाजली तरी समोरासमोरच्या दोन्ही झडपा वीतभर उघड्या ठेवा. सुती कापडातून ही वाफ बरीचशी निघून जाते. गाडीने जाऊन हिवाळ्यात दोन-तीन रात्री राहायचं असेल तर सुतीच घ्यावा. 280 ते 340 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, पुरतो. दुकानदाराने औंसात (चौरस यार्डाचं वजन) सांगितलं तर 10 औंस म्हणजे साधारण 340 जीएसएम.

जुलै-ऑगस्टात इगतपुरी-त्र्यंबककडे मात्र हा सल्ला उलटा. तिथल्या झडीत सुती कापड दिवसेंदिवस वाळत नाही, भिजून जड होतं आणि त्यावर काळे ठिपके धरतात. ती बुरशी, आणि डाग जात नाहीत. तिथे लेपाचं कापड बरं. हरिहर-कळसूबाई चढायचं असेल तर दोन्ही घरीच ठेवा आणि हलका नायलॉनचा तंबू न्या. चार मीटर व्यासाचा सुती तंबू कोरडासुद्धा 25-30 किलोच्या घरात जातो.

सुती दोर भिजला की आखडतो. संध्याकाळी ढग दिसले तर झोपण्याआधी दोर थोडे सैल करा, नाहीतर रात्रीत मेख उपटते किंवा रिंगेपाशी कापड फाटतं. काळ्या मातीत मेख फूटभर तरी हवी, कारण माती भिजली की पकड सुटते. मुरमात 10-12 मिलिमीटरच्या सळईची मेख चालते. कातळावर ठोकाठोकी व्यर्थ. दोर मोठ्या दगडाला बांधा.

ओला तंबू गुंडाळून आणावाच लागला तर घरी पोचल्या दिवशीच पसरा. सुतीला साबण लावू नका, पाणी अडवण्याचा गुण त्याने जातो. ब्रश आणि साधं पाणी पुरे. ताडपत्री धुतली तरी चालते, पण तिची घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला. एकाच रेषेवर दुमडत राहिलात की लेप तिथेच तडकतो आणि पुढच्या पावसात पाणी नेमकं त्या रेषेतून आत येतं.