डबे वाढले, गाडीचा वेग तोच

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कने मायनिंग (प्रचंड वीज खाणाऱ्या संगणकांच्या शर्यतीतून व्यवहार पक्के करणं) सोडलं, ते 'मर्ज' अपग्रेड. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. पण दुसऱ्या दिवशी अनेकांनी वॉलेट उघडलं ते व्यवहाराची फी उतरली का हे बघायला. उतरली नव्हती आणि उतरणारही नव्हती, कारण मर्जने ब्लॉकमधली, म्हणजे एकत्र नोंदवल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यातली, जागा वाढवलीच नव्हती.

असा घोळ जवळपास प्रत्येक अपग्रेडला होतो. 'नेटवर्क फास्ट होणार' म्हणतात, तेव्हा नक्की काय फास्ट होतं? इथेरियमचा ब्लॉक दर १२ सेकंदांनी निघतो, आजही तेवढ्यानेच. मुंबईकराला हे लगेच कळेल. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची केली म्हणून विरार-चर्चगेट लवकर होत नाही. गर्दीमुळे फलाटावर उभं राहून दोन गाड्या जाऊ द्याव्या लागत होत्या, त्या आता द्याव्या लागत नाहीत, इतकंच.

ब्लॉकमधली जागा 'गॅस'मध्ये मोजतात. साधे पैसे पाठवायला २१,००० गॅस लागतो. ब्लॉकची मर्यादा बरीच वर्षं ३ कोटी होती, ती २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने ६ कोटींवर गेली. आता फीचं गणित बघा. ऑगस्ट २०२१ पासून मूळ फी प्रोटोकॉलच ठरवतो. ब्लॉक अर्धा भरला तर फी आहे तशी राहते, पूर्ण भरला तर पुढच्या ब्लॉकला साडेबारा टक्के वाढते. किरकोळ वाटतं ना? पण ही वाढ चक्रवाढ आहे. सलग दहा ब्लॉक भरले, म्हणजे फक्त दोन मिनिटं, की फी सव्वातीन पट होते. चार मिनिटांत दहा पटींच्या वर जाते. एखाद्या गाजलेल्या एनएफटीची (मालकीची नोंद ब्लॉकचेनवर असलेल्या डिजिटल वस्तूची) विक्री सुरू झाली की बाकीच्यांचे साधे व्यवहारही का महागतात, ते इथे दिसतं.

खरा फरक पडला तो १३ मार्च २०२४ च्या 'डेनकुन' अपग्रेडमुळे. त्याआधीच आर्बिट्रम, ऑप्टिमिझमसारखे 'रोलअप', म्हणजे इथेरियमच्या आधाराने चालणारी वेगळी नेटवर्कं, हजारो व्यवहार स्वतःकडे उरकून त्यांची एकच मोट मूळ साखळीवर, म्हणजे इथेरियमवर, टाकत होते, पण त्या मोटेला प्रवाशांच्याच डब्यात, प्रवाशांच्याच भावाने जागा घ्यावी लागे. डेनकुनने लगेजचा वेगळा डबा जोडला: 'ब्लॉब'. एक ब्लॉब १२८ किलोबाइटचा, साधारण १८ दिवसांनी टाकून दिला जाणारा आणि स्वतःच्या वेगळ्या भावाचा. रोलअपवरची फी झपाट्याने उतरली. मूळ साखळीवर थेट व्यवहार करणाऱ्याला मात्र यातलं फारसं काही मिळालं नाही.

मग डबे वाढवतच का जाऊ नयेत? कारण प्रत्येक नोडला (नेटवर्क चालवणाऱ्या संगणकाला) सगळा माल उतरवून तपासावा लागे, आणि घरच्या इंटरनेटवर नोड चालवणारा त्यात दमला असता. ३ डिसेंबर २०२५ च्या 'फुसाका' अपग्रेडने इथे शितावरून भाताची परीक्षा आणली. ब्लॉबमधल्या माहितीचे १२८ स्तंभ करायचे, साध्या नोडने त्यातले मोजकेच उतरवून बघायचे. पण कोपऱ्यातला भात कच्चा राहिला तर? त्यासाठी माहितीत आधीच अशी भर घालतात, की कुठल्याही निम्म्या स्तंभांतून सगळी माहिती परत उभी राहते. कुणाला काही लपवायचं असेल तर निम्म्याहून जास्त लपवावं लागेल, आणि तेवढी लबाडी चार शितांतही सापडते.

राहिला वेग. रोलअपवर व्यवहार दोनेक सेकंदांत 'झाला' असं दिसतं, पण ती रोलअप चालवणाऱ्याने दिलेली पावती असते. मूळ साखळीवर पक्की मोहर उमटायला सुमारे १३ मिनिटं लागतात. आणि आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझमवरून स्वतःचे पैसे थेट मूळ साखळीवर आणायचे असतील, तर रोलअपच्या हिशेबावर कुणाला आक्षेप घेता यावा म्हणून साधारण आठवडाभर थांबावं लागतं. ब्लॉब कितीही वाढोत, त्या आठवड्यातला एक तासही कमी झालेला नाही.