सुई हलली ती क्षणभरच

बॅटरी जोडली की सुई हलायची आणि लगेच जागेवर यायची. बॅटरी काढली की पुन्हा हलायची, पण उलट्या दिशेला. मधल्या वेळात तारेतून वीज वाहतच असायची, तरी सुई ढिम्म. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली आणि दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. पहिल्या वेटोळ्याचे चुंबकक्षेत्र बदलत असते तेवढ्यापुरतीच दुसऱ्यात वीज उमटते, हे त्यातून दिसले. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. क्षेत्र कितीही मोठे असो, ते बदलत नसेल तर शेजारच्या वेटोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एमआरआय समजून घ्यायचा तर ही अट विसरून चालत नाही. 'मोठा चुंबक फोटो काढतो' असे आपण सहज म्हणतो, पण चुंबक फोटो काढत नाही. तो फक्त तयारी करून देतो.

शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. त्याच्या अणूच्या केंद्रातला प्रोटॉन हा इवलासा चुंबकच. रुग्णालयांत नेहमी आढळणाऱ्या १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकक्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. एवढा जोर लावूनही क्षेत्राच्या दिशेने असलेले प्रोटॉन विरुद्ध दिशेच्या प्रोटॉनांपेक्षा दर दहा लाखांमागे जेमतेम पाचच जास्त भरतात! पण चिमूटभर ऊतीतही प्रोटॉन इतके असतात की हे पाच पुरतात.

तरीही शरीराजवळ ठेवलेल्या वेटोळ्यात काही उमटत नाही, कारण सगळे स्थिर आहे. म्हणून रेडिओलहरींचा एक छोटा झटका देऊन या जादा प्रोटॉनांच्या एकत्रित चुंबकत्वाला आडवे केले जाते. आता ते कललेल्या भोवऱ्यासारखे मुख्य क्षेत्राभोवती फिरू लागते, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेरे. शरीराजवळच्या वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र आता सतत बदलते आणि फॅरेडेंच्या नियमाने तिथे अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. एमआरआयचा संदेश म्हणतात तो हाच. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ साली या घटनेला 'केंद्रकीय प्रवर्तन' असेच नाव दिले होते. ते टिकले नाही याची मला हळहळ वाटते, कारण त्या नावात सगळी यंत्रणाच उघड होती.

हा संदेश विरून जातो. मेंदूच्या पांढऱ्या भागात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यातच तो बराच क्षीण होतो, तर मेंदूभोवतीच्या द्रवात खूप रेंगाळतो. या फरकातून चित्रातले काळे-पांढरे ठरते. संदेश शरीरातल्या कुठल्या जागेवरून आला, हे कळण्यासाठी क्षेत्र जागेनुसार थोडे कमी-जास्त ठेवायचे, ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली.

त्यासाठी आणखी काही वेटोळी लागतात आणि त्यांतली वीज झपाट्याने बदलावी लागते. यंत्राची ठकठक त्यांचीच. तो आवाज मात्र प्रवर्तनाचा नव्हे. जबर क्षेत्रात विजेच्या तारांवर पडणाऱ्या जोराने ती वेटोळी थरथरतात. प्रवर्तनाची करामत वेगळीच. बदलत्या क्षेत्राला 'तुझे काम फक्त यंत्राच्या वेटोळ्यांत' असे कसे सांगणार? यंत्राच्या धातूच्या भागांतही वीज घुमू लागते आणि चित्र बिघडवते, म्हणून क्षेत्र बाहेर पसरू न देणारी जादा वेटोळी बसवतात. वेग फार वाढवला तर रुग्णाच्या शरीरात उमटणाऱ्या विजेने नसा चाळवतात आणि स्नायू फुरफुरतात. यंत्राच्या वेगावर त्यामुळे मर्यादा पडते.

तपासणीच्या वेळी हातांची बोटे गुंफू नका, पायावर पाय टाकू नका, असे तंत्रज्ञ बजावतात. कातडीला कातडी टेकली की शरीराचेच एक बंद वेटोळे होते. रेडिओलहरींच्या बदलत्या क्षेत्राने त्यात वीज खेळू लागते आणि टेकलेल्या जागी भाजू शकते. म्हणूनच मांड्यांमध्ये पातळ उशी सरकवली जाते.